तार क्रमांक पाच

सॉफ्टवेअरमध्ये आधी उभी करून पाहिल्याशिवाय मी साधी काठीसुद्धा जमिनीत रोवत नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. (म्हणजे बढाई म्हणूनच सांगतोय, पण ते पुढे कळेलच.) बंदराच्या वायरलेस विभागात मी अँटेना इंजिनियर आहे. विभागात हा एकच हुद्दा आहे आणि त्यावर मी एकटाच आहे. त्यामुळे विभागातला सर्वांत हुशार अँटेना इंजिनियर कोण, यावरून आमच्याकडे आजवर कधी मतभेद झालेले नाहीत.

आमचं काम तसं सोपं. बोटींनी वायरलेसवर बोलायचं, आम्ही ऐकायचं. अडचण एवढीच होती की आम्हाला ऐकू येत नव्हतं. जुनी अँटेना खाऱ्या वाऱ्यानं इतकी गंजली होती, की ती उभी होती ती केवळ सवयीनं. गेल्या महिन्यात एका बोटीचं इंजिन भर पाण्यात बंद पडलं. बोटवाला जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "दोर पाठवा! दोर!" आमच्या ऑपरेटरताईंना ऐकू आलं, "मोर पाठवा!" ताई नियमाला धरून चालणाऱ्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती?"

बोट चार तास वाहत गेली. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. पण किनाऱ्याला लागल्यावर तो बोटवाला ओल्या चपलांनी थेट मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये शिरला, आणि तो बाहेर पडल्यावर मला आत बोलावणं आलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या बंदर अधिकारी. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्या टेबलासमोर उभं राहिलं की मलाच मान वर करून बघितल्यासारखं वाटतं.

"पुढच्या वेळी बोटीत पाणी शिरलं आणि तुम्ही मोर मोजत बसलात, तर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट सरळ करून ठेवला.

"शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नवी अँटेना चालू पाहिजे."

"तुम्हाला ती दिसेल, बाई!"

"मला ती दिसायला नको आहे. ऐकू यायला हवी आहे."

मी लगेच कामाला लागलो. म्हणजे खुर्चीत बसलो. सॉफ्टवेअरमध्ये चार तारांची देखणी अँटेना उभी केली. पण अँटेना आणि खालून येणारी केबल यांचं एकमेकांशी पटेना. अशा वेळी आमच्या धंद्यात स्टब लावतात. स्टब म्हणजे केबलचाच एक आखूड तुकडा. अँटेनाजवळ मुख्य केबलला कडेनं जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक शॉर्ट करून टाकायचं, म्हणजे आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना चिकटवायची. तो कुठे जात नाही, कुठून येत नाही. लग्नघरात एखादे काका नुसतेच मधल्या खोलीत बसलेले असतात आणि ते आहेत म्हणून दोन्हीकडची मंडळी गप्प असतात, तसं त्याचं काम.

आता माझ्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. त्यात केबलचं दुसरं टोक मोकळं सोडता येत नाही. ते कुठल्या तरी तारेला बांधावंच लागतं. मग आम्ही काय करतो? बोटभर लांबीची, केसाएवढी जाड अशी एक खोटी तार मॉडेलमध्ये टाकतो आणि स्टबचं टोक तिला बांधतो. ही तार जगात कुठेही नसते. ती फक्त सॉफ्टवेअरच्या समाधानासाठी. आणि खऱ्या अँटेनाच्या ती अध्यात ना मध्यात यावी, म्हणून तिला लांब कुठे तरी ठेवून द्यायची. मी ठेवली पूर्वेला. बरोबर एक हजार मीटर. कारण हजार लिहायला सोपं.

बटण दाबलं. आकडा आला एक पॉइंट शून्य दोन! हा आकडा म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्यातलं किती परत येतं त्याचं माप. एक म्हणजे काहीच परत येत नाही. तीन म्हणजे काळजी. एक पॉइंट शून्य दोन म्हणजे माणसानं खुर्चीत मागे रेलून दोन्ही हात डोक्यामागे घ्यावेत. मी घेतले.

मग तारांचा तक्ता छापला आणि फिटरमामांना बोलावलं.

फिटरमामा आमच्या खात्यात माझ्या आधीपासून आहेत, बहुधा बंदराच्याही आधीपासून असावेत. अँटेनाच्या मास्टवर, म्हणजे उंच लोखंडी खांबावर, चढतात ते जिना चढल्यासारखे. माझं आणि त्यांचं एकदाच वाजलं होतं. मी काढलेल्या जागेपासून त्यांनी एक ब्रॅकेट वीतभर बाजूला लावलं होतं. का, तर म्हणे कागदाप्रमाणे लावलं असतं तर ट्रान्समीटरच्या खोलीचं दार उघडलं नसतं. मुद्दा बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला! त्या दिवशी मी चारचौघांत त्यांना सुनावलं होतं, "मामा, कागदावर असेल तेच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही!"

मामांनी तेव्हा नुसतं "बरं, साहेब" म्हटलं होतं. हे दोन शब्द इतके धोकादायक असू शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"हा तक्ता," मी म्हणालो. "पाच तारा आहेत. एक स्टब आहे, एक मीटर वीस सेंटिमीटर. सगळं लिहिलंय."

मामांनी तक्ता वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. "ही पाच नंबरची तार, साहेब..."

"मामा!"

"बरं, साहेब."

बुधवारी दुपारी मी मोठ्या बाईंना रंगीत आलेख दाखवत होतो, तेव्हा मामांचा फोन आला.

"साहेब, ती हजारवाली तार लावायचीच का? जागा मिळतेय, पण मालकाला काय सांगू?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. आपल्या हाताखालच्या माणसाला आपण एका वाक्यात कसं मार्गी लावतो, हे त्यांना दाखवण्याची ही संधी होती. मामा काय बोलले त्यातलं मी 'लावायचीच का' एवढंच ऐकलं.

"कागदावर आहे तसंच करा!" मी खणखणीत आवाजात म्हणालो आणि फोन ठेवला.

"काही अडचण?" बाईंनी विचारलं.

"छे हो! माझ्या मॉडेलमध्ये अडचणीला जागाच नसते."

संध्याकाळी घरी आलो तर बायको दारातच उभी. चेहऱ्यावर असा भाव, की मला कसलं तरी बक्षीस लागलंय आणि ते चुकून लागलंय.

"बाबांना काय केलंस तू?"

"मी? काही नाही. का?"

"दुपारपासून चार वेळा फोन आला त्यांचा. म्हणतात, माणूस हिरा आहे."

"कोण माणूस?"

"तू!"

मी खाली बसलो. माझे सासरे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्यामुळे समोरचा माणूस आपल्या जागेपासून किती सरकलाय, हे त्यांना लगेच दिसतं. लग्नाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत ते माझ्याबद्दल बोललेलं सर्वांत चांगलं वाक्य होतं, "उंची ठीक आहे."

फोन पुन्हा वाजला. "जावईबापू!" पलीकडून सासरे. "इतकं मोठं काम आणि तुम्ही आमचं घर निवडलंत! बोलला नाहीत काही!"

"अहो बाबा, त्यात काय..." मी म्हणालो. कशात काय, ते मला माहीत नव्हतं, पण नऊ वर्षांनी कौतुक होत असताना कशाबद्दल असं विचारणारा मी मूर्ख नाही.

"तुमचे फिटर चांगले आहेत, पण त्यांच्या मोजणीत चाळीस सेंटिमीटरचा फरक होता. मी स्वतः टेप धरून दुरुस्त केला. आता खांब बरोबर हजार मीटरवर आहे!"

हजार मीटर हे शब्द ऐकले आणि मी फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला.

सासर आमच्या बंदरापासून रस्त्यानं तीन किलोमीटर. रेल्वेच्या पुलाला वळसा घालून, बाजाराच्या मागून जावं लागतं. त्यामुळे सरळ रेषेत ते किती लांब आहे आणि कुठल्या दिशेला, याचा विचार मी कधी केला नव्हता. ते नऊशे नव्वद मीटरवर असतं, तर मामांनी तार लॉन्ड्रीच्या छपरावर लावली असती. हजार दहावर असतं, तर भर रस्त्यात. पण नाही! बरोबर एक हजार मीटरवर, पूर्वेला, सासऱ्यांच्या इमारतीची गच्ची!

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या आधी मी तिथे पोचलो. गच्चीच्या मधोमध एक नवाकोरा लोखंडी खांब उभा होता. तीन बाजूंनी ताण दिलेला, पायाला सिमेंट घातलेलं. आणि त्याच्या टोकावर, डोळे बारीक केले तरच दिसेल अशी, बोटभर लांबीची केसासारखी तार! मुंगीसाठी किल्ला बांधावा तसा तो थाट होता.

मामा ताण तपासत होते. मी त्यांना टाकीच्या आड ओढलं.

"मामा, हे काय आहे?"

"तार क्रमांक पाच." त्यांनी खिशातून तक्ता काढला. "पूर्वेला हजार मीटर, उंची बारा मीटर. इमारत नऊ मीटर, म्हणून वर तीनचा खांब. कागदावर आहे तसंच."

"अहो, ही तार खोटी आहे!"

"खोटी असं कागदावर लिहिलेलं नाही, साहेब."

बरं, मास्टवरचं काम कागदाप्रमाणे झालंय ना, असं विचारलं, तर म्हणाले, तंतोतंत. मला हायसं वाटलं. म्हणजे अँटेना चालेल. हा खांब कुणाच्या पायात येत नाही. हळूच काढून टाकू.

एवढ्यात सासरे वर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात दुर्बीण. मागोमाग इमारतीतले पाच-सहा जण.

"हे आमचे जावई," सासऱ्यांनी ओळख करून दिली. "खाडीतल्या सगळ्या बोटी आता या खांबाच्या भरवशावर आहेत."

मी तोंड उघडलं. मग सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

"याच्या लहरींचा त्रास नाही ना होणार?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. "कालपासून माझा डावा गुडघा ठणकतोय."

"माझा उलट थांबला!" पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले.

"या खांबातून लहरी... तशा फारशा निघत नाहीत," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य.

"पाहिलंत? किती सुरक्षित यंत्र आहे!" सासरे म्हणाले. "आणि ऐका, आजपासून गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. दोऱ्या मी सोडल्यात."

जिन्याच्या दारात सासूबाई पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. खांबाकडे जरा मायेनं पाहिलं असावं.

संध्याकाळी बायकोला मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

"उद्या बाबांना खरं सांगतो," मी म्हणालो.

"खबरदार! नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुला माणसात घेतलंय. निदान महिनाभर तरी जाऊ दे."

शुक्रवार उजाडला. अकराला पाच मिनिटं कमी असताना कंट्रोल रूममध्ये मोठ्या बाई, ऑपरेटरताई आणि मी. खाडीच्या तोंडाशी तोच मोरवाला बोटवाला बोट घेऊन थांबलेला. त्यानं स्वतःहून ही कामगिरी मागून घेतली होती. इतक्यात दार उघडलं आणि आत आले सासरे! गळ्यात दुर्बीण.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"हजार मीटरवरची तार माझ्या गच्चीवर आहे," सासरे ताठ उभे राहून म्हणाले.

"अशी तार आहे?" बाईंनी मला विचारलं.

"मॉडेलमध्ये आहे," मी म्हणालो. तेही खरंच होतं!

अकरा वाजले. ताईंनी बटण दाबलं. "बंदर बोलतंय, ऐकू येतंय का?"

खरखर. मग खरखर. मग आणखी वेगळ्या प्रकारची खरखर. मी मीटरकडे पाहिलं. आकडा होता नऊ! नऊ म्हणजे पाठवलेल्यातलं निम्म्याहून जास्त दारातूनच परत. गंजक्या जुन्या अँटेनाला निदान मोर तरी ऐकू येत होते!

बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. 

सासऱ्यांनी खिडकीतून पूर्वेकडे दुर्बीण लावली आणि एकदम किंचाळले, "चादर!"

"काय?"

"खांबावर चादर आहे! निळी! अहो, हिनं खांबाला चादर वाळत घातली!" त्यांनी लगेच घरी फोन लावला. "आधी ती चादर काढ! बोटी बुडतील! माझ्याशी वाद घालू नकोस, काढ आधी!"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले.

"चादरीमुळे असं होऊ शकतं?" बाईंनी विचारलं.

इथे एका प्रामाणिक माणसानं काय करायला हवं होतं, ते मला पक्कं माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.

"ओली असेल तर... होऊ शकतं," मी म्हणालो. "मला वीस मिनिटं द्या. मी इकडून... जुळवून घेतो."

आणि जिन्याकडे पळालो. मामा मास्टच्या खालीच उभे होते. माझ्याकडे बघून काही न विचारता त्यांनी पट्टा आवळला.

"मामा, वरचा स्टब कसा लावलाय?"

"एक मीटर वीस. कडेनं लोंबतोय. टोकाला पाणी जाऊ नये म्हणून टेप गुंडाळलाय."

"टेप? टोक शॉर्ट केलं नाहीत?"

"केलं ना, साहेब. तक्त्यात लिहिलंय, शॉर्ट तार क्रमांक पाचला. तिकडे गच्चीवर केलंय."

"अहो, पण केबल सव्वा मीटरची! ती तार एक किलोमीटर लांब! मधल्या अंतराचं काय?"

मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं वर्गातल्या ढ मुलाकडे मास्तर पाहतात. "ते वायरलेस, साहेब. आपलं खातंच वायरलेसचं."

मी मास्टला डोकं टेकवलं. लोखंड थंडगार होतं, त्यामुळे जरा बरं वाटलं. टोक शॉर्ट असेल तर स्टब जे करतो, त्याच्या बरोबर उलटं तो टोक मोकळं असताना करतो. मध्यस्थ काकांनी दोन्हीकडच्या मंडळींना भांडायला चिथावावं, तसं तिथे वर चाललं होतं.

"टोक तिथेच शॉर्ट करा. लवकर!"

मामा वर चढू लागले. चार पायऱ्या चढले आणि थांबले. "साहेब, एक विचारू? डोकं चालवत नाही. नुसतं विचारतो."

"विचारा हो, मामा!"

"जुने साहेब असताना, हिशेबात स्टबची जी लांबी यायची, त्यातली एक तृतीयांश आम्ही कापून टाकायचो. या जातीच्या केबलला नेहमीच. का, ते मला ठाऊक नाही."

मला मात्र ठाऊक होतं! कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं! केबलच्या आत लहर बाहेरच्यापेक्षा सावकाश चालते, म्हणून खरी केबल कागदावरच्यापेक्षा आखूड कापायची असते. सॉफ्टवेअरला तो वेग सांगण्यासाठी एक रकाना असतो. तो मी भरलाच नव्हता. त्यामुळे त्यानं माझी केबल आदर्श धरली होती, जशी जगात नसते. माझ्या सगळ्या मॉडेलमध्ये फक्त खोटी तारच खोटी नव्हती तर!

"तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलंत?"

मामांनी खिशावर हात ठेवला. तक्ता त्याच खिशात होता.

"कापा," मी म्हणालो. "आणि मामा... ते ब्रॅकेटच्या वेळचं... माझंच चुकलं होतं."

"वारा आहे, साहेब, ऐकू येत नाही," मामा वरून म्हणाले. ऐकू आलं असावं. चढताना ते हसत होते.

चाळीस सेंटिमीटरचा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला. दहा मिनिटांनी मामांनी वरून हात हलवला. मी धापा टाकत कंट्रोल रूममध्ये शिरलो, तेव्हा सासरे फोनवर ओरडत होते, "काढलीस? पूर्ण काढलीस? चिमटेसुद्धा?" आणि त्याच क्षणी स्पीकरमधून आवाज आला, इतका स्वच्छ, की बोटवाल्याच्या मागे कुणी तरी शिंकलेलंही ऐकू आलं.

"बंदर, बंदर! खणखणीत ऐकू येतंय! या वेळी मला काही नको, मोरही नको!"

ताईंनी टाळ्या वाजवल्या. मीटरवर आकडा होता एक पॉइंट एक. सासरे खुर्चीत कोसळले आणि रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "चादर काढल्याबरोबर! बघितलंत? काढल्याबरोबर!"

बाईंनी वहीत लिहून घेतलं, आणि सोमवारी परिपत्रक निघालं. त्यात तिसरा मुद्दा होता: दूरस्थ तारेच्या खांबावर कोणत्याही प्रकारचे कपडे, विशेषतः चादरी, वाळत घालू नयेत.

आता यात खरं म्हणजे सगळ्यांचंच भलं झालं होतं. बोटी ऐकू येत होत्या, बाई खूश होत्या, सासऱ्यांनी परिपत्रक फ्रेम करून भिंतीला लावलं. राहिल्या फक्त सासूबाई.

"आई गच्चीवर जातच नाही आता," एके दिवशी बायको म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "इमारतीतले सगळे तिला विचारतात, बोट बुडवणारी चादर ती हीच का? बाबा तर तिच्याशी धड बोलत नाहीत. घरात ती ओले कपडे दारांवर टाकते. काल मला म्हणाली, मी काय मुद्दाम केलं होतं का गं?"

"तूच म्हणाली होतीस, महिनाभर जाऊ दे..."

"तेव्हा माझ्या आईची चादर मध्ये नव्हती!"

त्या रविवारी सकाळी मी सासरी गेलो. सासरे परिपत्रकाखालच्या खुर्चीत बसले होते. सासूबाई आतल्या दारात एक ओला टॉवेल झटकत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. खोटी तार, शॉर्ट, चाळीस सेंटिमीटर, आणि माझं ते 'ओली असेल तर होऊ शकतं'. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, मग टीव्हीच बंद केला.

"म्हणजे चादरीचा काही संबंध नव्हता?" सासूबाईंनी विचारलं.

"काहीच नव्हता, आई. चूक माझी होती. मी खोटं बोललो."

त्यांनी टॉवेल दारावरून काढला, नीट घडी घातली आणि नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत?"

सासरे खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "म्हणजे माझी मोजणी... तीही फुकटच गेली म्हणायची."

"नाही, बाबा. मी ऑफिसात नकाशावर तपासलं. आमच्या मामांची खरंच चाळीस सेंटिमीटरची चूक होती. तुमचा खांब अगदी बरोबर हजार मीटरवर आहे."

"मिलिमीटरपर्यंत?"

"मिलिमीटरपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मग उठून सासूबाईंच्या हातातला टॉवेल घेतला आणि म्हणाले, "मी टाकतो वर." नवरा-बायकोत माफी कशी मागतात, याचे अनेक प्रकार असतील. आमच्या सासऱ्यांचा हा.

सोमवारी मोठ्या बाईंनाही सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, टेबलाचा खण उघडला आणि चाळीस सेंटिमीटर केबलचा तुकडा माझ्यासमोर ठेवला.

"चाचणीच्याच दिवशी उचलून आणला मी. मास्टखाली पडला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी येता, तेवढंच बघत होते. सतरा दिवस लागले."

"मग ते परिपत्रक?"

"तेव्हा वाटलं होतं, ते वाचून तुम्ही त्याच दिवशी याल. रद्द करतेय. त्याऐवजी दुसरं निघेल. यापुढे तुमचा प्रत्येक तक्ता आधी फिटरमामा तपासतील आणि सही करतील. त्यांना डोकं चालवण्याची लेखी परवानगी दिली आहे."

तेव्हापासून माझे तक्ते मामांच्या लाल पेनाखालून जातात. पहिल्याच तक्त्यावर त्यांनी शेरा मारला होता: तार क्रमांक सात खरी की खोटी, ते स्पष्ट करावे.

तो खांब काढायला मामा गेले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना जिन्यातच अडवलं. सिमेंटमध्ये रोवलेला, तीन बाजूंनी ताणलेला इतका मजबूत खांब इमारतीत दुसरा नव्हता. त्यांनी त्याला चारी दिशांनी दोऱ्या बांधून घेतल्या. आता सगळ्या इमारतीचे कपडे त्यावर वाळतात, वाऱ्यानं एक रुमालही उडून जात नाही.

परवा मी गच्चीवर गेलो होतो. तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई चादरी टाकता टाकता सासूबाईंना विचारत होत्या, "तुमचे जावई इंजिनियर आहेत ना? काय काम करतात?"

सासूबाईंनी तोंडातला चिमटा काढला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, "कपडे वाळत घालायचे खांब बसवतात!"